जिप्सीचं पुढचं अ‍ॅक्सल: वॉबलिंग आणि नकलची गळती घरच्या घरी कशी काढावी

पन्हाळ्याचा लाल चिखल, ऊसपट्ट्यातली चिकट काळी माती आणि गगनबावड्याचा पाऊस यांतून फिरलेल्या जुन्या जिप्सीचं पहिलं दुखणं सहसा इंजिनात नसतं, पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन टोकांना असतं. हायवेला पन्नास-साठच्या वेगात एखादा खड्डा बसला की स्टीअरिंग थरथरायला लागतं (हेच वॉबलिंग), आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळा ओघळ दिसतो. यावर बरेच जण नवीन स्टीअरिंग डॅम्पर बसवून घेतात. डॅम्पर थरथर दाबतो, झीज थांबवत नाही. लिफ्ट किट आणि मोठ्या टायरचा विचार नकल (अ‍ॅक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) ठणठणीत झाल्यावरच करावा, कारण जड चाक झिजलेल्या बेअरिंगला आणखी लवकर खातं.

आधी दोष नेमका कुठे आहे ते बघा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) न्यूट्रलला असेल तर गिअरमध्ये टाकलेली गाडीही ढळते, म्हणून दगडाला पर्याय नाही. पुढचं चाक जॅकवर उचलून अ‍ॅक्सलखाली स्टँड द्या. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग सैल आहे. तरीही राहिला तर किंगपिनचं (नकल ज्या खुंट्यांवर वळते त्यांचं) बेअरिंग गेलं आहे, कारण ब्रेकमुळे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) नकलशी जखडतो आणि उरतो तो फक्त नकल आणि हाउसिंगमधला (अ‍ॅक्सलच्या आवरणातला) प्ले. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवताना टाय रॉड एंडवर (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यावर) बोट ठेवा, तिथला प्ले बोटाला लगेच कळतो.

ओघळही नीट बघा. घट्ट ग्रीस येत असेल तर बाहेरचं पुसणारं सील फाटलं आहे. पातळ, गिअर ऑइलच्या वासाचं येत असेल तर आतलं अ‍ॅक्सल सील गेलं आहे आणि डिफरन्शिअलचं ऑइल नकलमध्ये उतरून तिथलं ग्रीस धुऊन नेत आहे. असं असेल तर नुसतं बाहेरचं सील बदलणं म्हणजे महिनाभरात तेच काम पुन्हा.

एका बाजूला किंगपिनची दोन बेअरिंग, नकलचा सील सेट, आतलं अ‍ॅक्सल सील, काही शिम (माप जुळवायच्या पातळ चकत्या) आणि नवीन स्प्लिट पिना लागतात. शिवाय मोलिब्डेनमचं ग्रीस आणि पुढच्या डिफरन्शिअलसाठी 80डब्ल्यू-90, जीएल-5 ऑइल 2 लिटर. काम दोन्ही बाजूंचं एकदमच करा. हबच्या मोठ्या नटाला त्याच मापाचा सॉकेट हवा. मिळाला नाही तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर पाइपचा करून घ्या, पण नटावर छन्नी मारू नका.

ऑइल काढून घ्या. कॅलिपर सोडून तारेने लीफ स्प्रिंगला टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबू देऊ नका. हब, डिस्क आणि स्पिंडल काढल्यावर शाफ्ट जॉइंटसकट सरळ बाहेर येतो. तो ओढताना आतल्या सीलच्या ओठावर टेकू देऊ नका. टाय रॉड एंड सुटा करा, सीलच्या पट्ट्यांचे बोल्ट काढा, मग किंगपिन. वरचा आणि खालचा किंगपिन, त्यांच्याखालचे शिम आणि बाजू यांवर खूण करून वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. नकल ओढताना खाली हात धरा, खालचं बेअरिंग सुटून पडतं.

आता मुख्य काम. किंगपिनच्या बेअरिंगच्या कपात (बाहेरच्या कड्यात) रोलरच्या आकाराच्या बारीक खाचा दिसतील. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, त्यामुळे रोलर वर्षानुवर्षं एकाच जागी आपटतात आणि तिथेच कप खचतो. म्हणून स्टीअरिंग मध्यावर अडकल्यासारखं होतं आणि थोडं वळवलं की हलकं लागतं. अशा कपात नवीन बेअरिंग टाकून उपयोग नाही, कपही बदला. जुना कप पितळी पंचने आळीपाळीने समोरासमोर ठोकत काढा. नवा बसवताना जुना कप उलटा वर ठेवून ठोका. बसला की आवाज बद्द न येता खणखणीत येतो.

हाउसिंगच्या टोकाच्या, नकलच्या आतल्या गोळ्यावर गंज असेल तर पाणी लावून 400 नंबरच्या वॉटर पेपरने घासा. खोल खड्डे इपॉक्सीने भरून गुळगुळीत करा, नाहीतर नवं सीलही तिथेच कापलं जाईल. मग आतलं सील बसवा आणि नकल चढवण्याआधी सील सेट गोळ्यावर सरकवून ठेवा. वेळ वाचवायला सीलचं रबर कापून बसवतात, पण आपल्याकडच्या पावसात त्या कापातून पाणी आत जातंच.

शाफ्ट न घालता आणि सीलच्या पट्ट्या न आवळता, ग्रीस लावलेल्या बेअरिंगवर नकल चढवून किंगपिन कसा. टाय रॉडच्या भोकात हुकाचा स्प्रिंग काटा अडकवून काटकोनात ओढा. नकल हलायला सुरुवात होते तेव्हा काट्यावर 1.0 ते 1.8 किलो दिसायला हवं. कमी असेल तर किंगपिनखालचा शिम कमी करा, जास्त असेल तर वाढवा. हे माप न घेता अंदाजाने कसलं की एकतर वॉबलिंग परत येतं, नाहीतर वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही.

शाफ्टचा जॉइंट रॉकेलने धुवा, पूर्ण सुकवा आणि गोळ्यांच्या खोबणीत बोटाने ग्रीस दाबून भरा. फोर व्हीलमध्ये पूर्ण वळवल्यावर कटकट येत असेल तर जॉइंटच झिजला आहे, ग्रीसने तो आवाज जाणार नाही. बाकी जोडणी उलट क्रमाने. हबचा नट चाक फिरवत आवळा, मग ढिला करून प्ले जाईल एवढाच कसा, आणि लॉक प्लेट विसरू नका. शेवटी टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते) बघून घ्या, 2 ते 6 मिलिमीटर.

काढलेलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. गाडी चालून अ‍ॅक्सल गरम झालेलं असतं. ते ओढ्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. याला स्वस्त उपाय म्हणजे ब्रीदर (अ‍ॅक्सलमधली हवा ये-जा करायची वाट) वर नेणं. अ‍ॅक्सलवरचा जुना ब्रीदर काढून तिथे नळीचा निपल बसवा, पेट्रोलला चालणारी रबरी नळी क्लिपने लावा. पुढची इंजिनच्या खोलीत वर, मागची टेललॅम्पच्या उंचीपर्यंत न्या आणि टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर लावा. स्प्रिंग पूर्ण खाली गेली तरी ताणणार नाही एवढी नळी सैल ठेवा. मध्ये कुठे खाली झोळ पडला तर त्यात पाणी साचून वाट बंद होते. मागच्या डिफरन्शिअलचं ऑइलही याच वेळी बदला, 1.5 लिटर लागतं. गिअरबॉक्सला मात्र जीएल-4च घाला, जीएल-5मुळे गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खराब होऊ शकतात.

दोन-तीनशे किलोमीटरनंतर किंगपिनचे आणि सीलच्या पट्ट्यांचे बोल्ट पुन्हा तपासा आणि चाक उचलून ब्रेकची तीच चाचणी परत करा.