खोडकर कुत्र्याचं चित्र: फोटोपासून विक्रीपर्यंत

गिऱ्हाईक 'लॅब्रॅडॉरचं चित्र' मागत नाही, 'आमच्या मोतीचं' मागतं. जात हुबेहूब उतरली पण मोतीचा खट्याळपणा हरवला, तर घरचे नाक मुरडणारच. म्हणून निम्मं काम फोटोतच उरकायचं.

मालकाने पाठवलेला फोटो बहुधा उभ्याने, वरून काढलेला असतो: डोकं मोठं, पाय इवलेसे. जमल्यास स्वतः घरी जा. बडोद्यातलं ऊन तापायच्या आत, सकाळी, जमिनीवर बसून कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो घ्या. तो धावत असेल तर कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा, म्हणजे फोटो हलणार नाही. पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर केलं की ते खेळायचं आमंत्रण असतं. ती पोझ सोडू नका. फोटो तिसऱ्याच कुणी काढलेला असेल तर त्याची परवानगी घ्या.

रेखाटनात कानांची ठेवण आणि डोळ्यांपासून नाकापर्यंतचं अंतर दोनदा तपासा. इथे चुकलं की पुढची मेहनत फुकट. केस एकेक रंगवत बसू नका: आधी उजेड-सावलीचे मोठे आकार, मग केसांच्या दिशेने ब्रश, सुटे केस फक्त कडेला. काळ्या कुत्र्याला ट्यूबमधला काळा थापला तर कॅनव्हासला भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा, उजेडाची बाजू निळसर ठेवा. डोळ्यातला चमकेचा ठिपका अगदी शेवटी. बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्मांची मूळ तैलचित्रं आहेत; तिथे चेहऱ्यांवरचा उजेड जवळून बघून या.

तैलचित्राला पक्कं वार्निश लावायला साधारण सहा महिने थांबावं लागतं, म्हणून घाईच्या ऑर्डरीला झटपट सुकणारा, पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंगच बरा. मे महिन्यात तो पॅलेटवरच सुकतो. पाण्याचा फवारा हाताशी असू द्या.

किंमत आकारावर ठरवा. कॅनव्हास, रंग, फ्रेम, कुरिअर आणि स्वतःचे तास, सगळं मांडा. ओळखीच्या काकूंना 'द्या हो काहीही' म्हणालात की तोच भाव सोसायटीभर होतो! निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि रेखाटन व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवून होकार मिळवा. बदल काय ते तेव्हाच.

नमुन्याची दोन-तीन चित्रं प्राण्यांच्या दवाखान्यात विचारून लावा, सोबतचं कार्ड गुजरातीतही छापा. गेलेल्या कुत्र्याचं चित्र असेल तर बहुधा एकच अंधुक फोटो मिळतो. तेव्हा पट्ट्याचा रंग, वाकडा कान कुठला, हे घरच्यांना विचारूनच ब्रश उचला.