पुराच्या कामात स्वयंसेवक जखमी झाला, तर भरपाई कशी मागावी

आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की सांगलीत इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. पण पलूस-वाळव्याच्या नदीकाठच्या पोरांना आकडा कळायच्या आधीच हाक आलेली असते. दोर, ट्यूब, कुठे गुऱ्हाळाची काहील, मिळेल ते घेऊन ती पाण्यात उतरतात. त्यातला एखादा जायबंदी झाला तर त्याला कामगारासारखी भरपाई मिळते का, हे दर पावसाळ्यानंतर मला कुणी ना कुणी विचारतंच. बहुतेक वेळा कामगार भरपाईच्या कायद्याखाली मिळत नाही, पण मागायला दुसऱ्या जागा आहेत. आणि तिथे अर्ज टिकणार की नाही, हे पहिल्या दिवशीच्या कागदावर ठरतं.

केस पेपरवर काय लिहिलंय ते वाचा

२०२१ च्या जुलैत माझा धाकटा भाऊ सांगलीच्या गावभागात एका आजींना पाठीवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून येत होता. पाण्याखाली कुणाच्या तरी कुंपणाचा पत्रा होता. पोटरी उभी चिरली, चौदा टाके पडले. सोबतच्या मित्राला वाटलं, खरं सांगितलं तर पोलिसांची भानगड मागे लागेल. त्याने ‘घरी पडला’ असं सांगितलं आणि डॉक्टरांनी तेच लिहिलं. पुढे मदतीचा अर्ज घेऊन गेलो, तर समोरच्या साहेबांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. आजी स्वतः येऊन सांगत होत्या, तरी ती ओळ काही पुसली गेली नाही.

म्हणून केस पेपर लिहिला जात असतानाच तारीख, वेळ, जागा आणि ‘पुरातून माणसं बाहेर काढताना’ एवढं स्पष्ट सांगा. एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवायला सांगा. एमएलसी म्हणजे तुमच्यावर गुन्हा नव्हे, दुखापतीची ती रीतसर नोंद असते. शुद्धीवर नसलेल्या माणसाबरोबर जो जाईल त्याला हे आधीच माहीत हवं. पूर ओसरल्यावर गाळ काढताना ताप आला, तर चिखलात किती दिवस काम केलं तेही सांगा. त्याने लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून, चिखलातून होणाऱ्या तापाची) शंका डॉक्टरांच्या वेळेत लक्षात येते आणि कागदही पक्का होतो.

खर्चाचं म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात दाखल होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा, बिल भरून झाल्यावर नको.

तुम्हाला कुणी बोलावलं होतं?

पुढचे दोन दिवस या एका प्रश्नाच्या मागे लागा. सरपंचांचा फोन, तहसील कार्यालयाचा निरोप, ग्रुपवरचा मेसेज, जे असेल त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात एक पानी अर्ज द्या: ‘अमुक तारखेला, अमुक वेळी, अमक्यांच्या सांगण्यावरून बचावकार्य करत असताना मला अशी दुखापत झाली. सोबत हे दोन साक्षीदार होते. पंचनामा व्हावा.’ दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

आता अर्ज कुठे?

कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. दोन्हींत आधी मालक आणि नोकर असं नातं दाखवावं लागतं. कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम महिन्याच्या पगाराच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणून काढतात. फुकट राबणाऱ्याचा पगारच नाही, तर गुणणार कशाला?

तरी हा रस्ता सोडून देण्याआधी नीट बघा. कुपवाड एमआयडीसीतल्या कामगाराला मालकानेच पुराच्या कामाला पाठवलं असेल, तर तो तिथेही कामावरच होता असं मांडता येतं. त्याचा राज्य कामगार विमा असेल तर दावा तिकडे जातो, नसेल तर मालकाकडे. बोट चालवायला ग्रामपंचायतीने रोजंदारी ठरवली असेल, तर चालवणारा नुसता स्वयंसेवक उरत नाही. मिळालेल्या पैशांची पावती म्हणूनच जपा. असा दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो.

खऱ्याखुऱ्या स्वयंसेवकासाठी मोठा आधार आपत्ती प्रतिसाद निधीचा आहे. २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत मृत्यूला ४ लाख रुपये आहेत, आणि मदतकार्यात गुंतलेल्यांचाही त्यात समावेश असल्याचं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. हे वाक्य अर्जात उतरवून काढा, कारण खिडकीवरच्या माणसाला ते ठाऊक असेलच असं नाही. हात, पाय किंवा डोळा गमावून ४० ते ६० टक्के अपंगत्व आलं तर ७४ हजार, ६० च्या वर अडीच लाख. त्याला सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो, तो सिव्हिलमधून घ्या. आठवड्याहून जास्त दिवस दाखल राहावं लागणाऱ्या गंभीर दुखापतीला १६ हजार. रकमा तुटपुंज्या आहेत, हे मी मान्यच करतो. पण हक्काच्या आहेत, सोडू नका.

आशाताईंना सरकार स्वयंसेविका म्हणतं, पण त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे. १ एप्रिल २०२४ पासून कर्तव्यावर असताना अपघाती मृत्यू झाल्यास १० लाख, कायमचं अपंगत्व आल्यास ५ लाख. आपदा मित्र, म्हणजे आपत्तीसाठी सरकारने तयार केलेला स्वयंसेवक, म्हणून प्रशिक्षण झालं असेल, तर त्यासोबतचा विमा अजून चालू आहे का ते विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालयात आपत्ती कक्षात विचारा.

काहींच्या बाबतीत स्वयंसेवेचा प्रश्नच येत नाही. सातबाऱ्यावर नाव असेल, किंवा घरातल्या खातेदारामागे तुम्ही पात्र असाल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी योजनेत अपघाती मृत्यूला किंवा दोन अवयव गमावल्यास २ लाख मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, ३० दिवसांत. बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जात असतील, तर पंतप्रधान सुरक्षा विम्याचेही २ लाख आहेत, मुदत तीच. दुःखात हे ३० दिवस भुर्रकन जातात. घरातल्या एकाने कागदांचंच काम अंगावर घ्यावं.

कुणी दाद देत नसेल तर मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० वर फोन करा, किंवा विजयनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि पूरग्रस्त यांना वकील मोफत मिळतो.

पाऊस सुरू व्हायच्या आधी

मे महिन्यात गावातल्या पोहणाऱ्या, बोट चालवणाऱ्या पोरांची यादी करा: नाव, वय, रक्तगट, घरचा नंबर. खाली ‘आपत्तीत ग्रामपंचायतीच्या सूचनेनुसार काम करतील’ ही एक ओळ आणि सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) सह्या. सुरक्षा विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं, तेव्हा प्रत्येकाच्या खात्यातून २० रुपये कापले गेलेत का तेही बघा. यादीची एक प्रत तहसीलला आवक शिक्का मारून द्या, एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवा, आणि एक प्रत्येकाच्या घरी, आईच्या हातात.