पैसे जात नाहीत, निरोप जातो

मनी ट्रान्सफरच्या ऑपरेशन्समध्ये मी सहा वर्षं काढली, पुण्यात, बहुतेक रात्रपाळीत. नवीन मुलं हमखास विचारतात, "सर, सौदीतल्या दम्मामहून पैसे दहा मिनिटांत चिपळूणला पोचतात कसे?" पोचतच नाहीत. पोचतो तो निरोप. चिपळूणचा एजंट स्वतःच्या गल्ल्यातून पैसे देतो, हिशेब मागाहून होतो. वेस्टर्न युनियन ही मुळात तारेची कंपनी. १८७१ मध्ये तिने मनी ट्रान्सफर सुरू केलं, तेव्हाही असंच चालायचं. २००६ मध्ये तिची तारसेवा बंद झाली, हा धंदा राहिला.

म्हणून या धंद्याची ताकद ॲपमध्ये शोधू नका, ती आधीच भरून ठेवलेल्या पैशात आहे. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी, आपल्याकडे रविवार. कामगार पैसे पाठवतो ते नेमके सुट्टीच्या दिवशी. म्हणजे गुरुवारी संध्याकाळीच सोमवारपर्यंत पुरेल एवढी रक्कम भारतातल्या खात्यात भरलेली हवी, एजंटांचा हिशेब त्यातूनच चुकता होतो. कमी पडली तर पे-आउट, म्हणजे इकडे पैसे देणं, थांबतं, जास्त झाली तर पैसा नुसता पडून राहतो. ईदच्या आधीच्या आठवड्यात ही रक्कम सांभाळणाऱ्या आमच्या ट्रेझरीवाल्यांशी कुणी बोलायला जात नसे.

दुसरी गोष्ट नावांची. ती मी चांगलीच शिकलो. पाठवणाऱ्याने लिहिलं होतं 'सुवर्णा', बाईंच्या आधारवर 'लता'. मी पेमेंट होल्डला टाकलं, म्हणजे रोखून धरलं. एजंटचा फोन आला, "साहेब, बाई खरीच आहे हो, मी ओळखतो तिला." सासरी नाव बदललेलं, आधार माहेरच्या नावाचं! मला कळत होतं, तरी सोडता येत नव्हतं. नाव पाठवणाऱ्यानेच दुरुस्त करायचं असतं, आणि नवरा साइटवर, फोन बंद. बाई तीन तास बाकावर बसून परत गेल्या. ओळख एजंटची असते, पण होल्ड सोडणाऱ्याच्या नावाची नोंद सिस्टीममध्ये राहते.

रिझर्व्ह बँकेच्या एमटीएसएस (मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम) योजनेचे आकडे पाठ हवेत, हे पैसे तिच्याच नियमांनी येतात: एका वेळी २,५०० डॉलर, एका व्यक्तीला वर्षात ३० वेळा, रोख ५०,००० रुपयांपर्यंत, त्यापुढे चेक किंवा खात्यात. पैसे फक्त भारतात येतात, या वाटेने बाहेर जात नाहीत. घरखर्चासाठी चालतात, व्यापार किंवा देणगीसाठी नाही.

रुजू झाल्यावर रिपोर्ट बनवायचं काम देतील. ते घ्या, पण सोबत होल्डची रांग मागून घ्या. आणि गुरुवारी रजा मागू नका, मिळत नाही.