चेक इंजिनचा दिवा लागलाय? गॅरेजला जायच्या आधी कोड घरीच वाचा

घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये रांगताना तो पिवळा दिवा लागला तर आधी एवढंच बघा, नुसता पेटलाय की लुकलुकतोय. लुकलुकत असेल तर मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं) जोरात होतोय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा एक्झॉस्टमधला पार्ट) जाऊन तो तापतो आणि तो पार्ट खिसा रिकामा करतो, म्हणून गाडी साइडला घ्या. नुसता पेटलेला असेल, बाकी कुठला लाल दिवा नसेल आणि गाडी नीट पळतेय तर घरी या.

कोड वाचायला लागतो एक ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र, ऑनलाइन ईएलएम ३२७ नावाने मिळतो, आणि मोबाईलवर टॉर्क किंवा कार स्कॅनर अ‍ॅप. आयफोनवाल्यांनी वायफायवाला किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेलाच घ्या, साधा ब्लूटूथवाला चालत नाही. एप्रिल २०१३ नंतरची गाडी असेल तर सहसा अडचण येत नाही.

स्टीअरिंगखाली, गुडघ्याच्या आसपास १६ पिनांचं पोर्ट असतं. चावी बंद ठेवून स्कॅनर लावा, मग इग्निशन ऑन, इंजिन सुरू करायचं नाही. पिन मागितला तर १२३४ किंवा ०००० टाका, आणि अ‍ॅपमध्ये फॉल्ट कोड वाचा.

समजा आलं पी०३०१. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, ० म्हणजे सगळ्या कंपन्यांना कॉमन कोड, ३ म्हणजे इग्निशन किंवा मिसफायर, आणि शेवटचे ०१ म्हणजे पहिला सिलिंडर. प्रत्येक स्पार्क प्लगवर वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा पार्ट) असेल तर इंजिन गार झाल्यावर पहिली आणि दुसरी कॉइल अदलाबदल करा, कोड क्लिअर करून चक्कर मारा. आता पी०३०२ आला तर कॉइलच गेलीय, तोच राहिला तर प्लग, इंजेक्टर वगैरे बघायचं. पी०१७१ आला म्हणून लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू नका हां, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी पडतंय एवढंच तो सांगतो, कुठेतरी हवेचा पाईप ढिला झालेला असू शकतो.

आणि क्लिअर करायच्या आधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढाच, दिवा लागला तेव्हा स्पीड, आरपीएम, टेम्परेचर किती होतं ते त्यात असतं आणि क्लिअर केलं की तेही उडतं. मेकॅनिकला तो स्क्रीनशॉट दाखवा, "काहीतरी सेन्सरचं असेल" यावर बिल फाडून घेऊ नका.

काम झालं की स्कॅनर काढून ठेवा, सोसायटीत आठवडाभर उभ्या गाडीत लावलेला राहिला तर बॅटरी उतरू शकते.