दैनंदिन मालिकेत समलैंगिक पात्र लिहिताना

पात्राचं टिपण लिहायला घ्याल तेव्हा 'समलैंगिक' हा शब्द पहिल्या ओळीत नको. तो माणूस काय कमावतो, कुणाचं देणं लागतो, घरात कुणाशी अबोला आहे, हे आधी ठरवा. 'मेड इन हेवन' या हिंदी वेब मालिकेतला समलैंगिक करण (2019) लोकांचीच लग्नं थाटात पार पाडतो आणि कर्जात बुडालेला असतो. समलिंगी संबंधांवरून त्याला अटक होते तोवर तो प्रेक्षकाच्या ओळखीचा झालेला असतो. पात्र काढून टाकल्यावरही कथानक जसंच्या तसं चालत असेल, तर ते नुसतं शोभेचं आहे. त्याच्या हाती एखादा निर्णय द्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो घरी सांगण्याच्या प्रसंगात. बावीस मिनिटांत मुलगा सांगतो, आई रडते, बाप थोबाडीत मारतो आणि रविवारच्या महाएपिसोडला सगळे गळ्यात पडतात. खऱ्या घरात हे महिनोन्महिने चालतं, आणि रोजच्या मालिकेला तेच सोयीचं आहे. पंधरा-वीस भाग घ्या. आधी बहिणीला कळू द्या. आईला अंदाज आहे, पण ती विषय टाळते, असे चार-पाच भाग सहज निघतात. तिच्या तोंडी 'लोक काय म्हणतील' देण्याआधी 'म्हातारपणी तुझं कोण करणार?' हा प्रश्न द्या. तो मायेपोटी येतो आणि म्हणूनच जास्त लागतो. विजेचा कडकडाट टाळा. त्या आवाजाने साधी गोष्टही घरावरचं संकट वाटू लागते.

समलैंगिक आणि पारलिंगी यांची सरमिसळ नको. पहिला शब्द आकर्षणाबद्दल आहे, दुसरा स्वतःच्या लिंगभावाबद्दल. पारलिंगी भूमिकेसाठी पारलिंगी कलाकार शोधा. 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या पर्वात (2023) पारलिंगी मेहरची भूमिका पारलिंगी अभिनेत्री त्रिनेत्रा हलदार गुम्माराजूने केली.

कथेचं साल नक्की करा. 6 सप्टेंबर 2018 नंतर दोन प्रौढांच्या संमतीच्या संबंधांसाठी कलम 377 (समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतलं कलम) लावता येत नाही. पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे निबंधकासमोर सह्या दाखवू नका. मृत्युपत्र नसेल तर जोडीदार वारस ठरत नाही. खरं नाट्य तिथे आहे. मुलाला 'बरं' करणारा डॉक्टर दाखवायचाच असेल तर तो चुकतोय हे कथेतच दिसू द्या. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.

आणि प्रेम जुळताच मरण नको. 'द 100' या अमेरिकी मालिकेतल्या समलैंगिक लेक्साचा 2016 मध्ये असाच शेवट केला तेव्हा प्रेक्षक कमालीचे दुखावले. मृत्यू अटळच असेल तर तो त्या पात्राच्या स्वतःच्या निर्णयातून येऊ द्या आणि कथेत दुसरं समलैंगिक पात्र जिवंत ठेवा.