वीस संगणकांसाठी एकच नेटवर्क बूट मेनू कसा उभारावा

नागपुरातील एका संगणक वर्गात उन्हाळ्याच्या सुट्टीत वीस यंत्रे नव्याने भरायची होती: बहुतेकांवर विंडोज, काहींवर उबुंटू आणि दोन-चारांवर डेबियन. मे महिन्याच्या दुपारी कूलरच्या घोंघाटात पेनड्राइव्ह घेऊन टेबलांमधून फिरण्यापेक्षा एका जुन्या यंत्रालाच सर्व्हर करून बाकीच्यांना केबलवरून बूट करावे, असे ठरले. त्या उभारणीची पद्धत येथे देत आहे. मेनू लिहायला थोडाच वेळ लागतो. खरा वेळ जातो तो योग्य यंत्राला योग्य बूट फाइल पोहोचवण्यात.

यंत्र डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू करण्याची, म्हणजे नेटवर्क बूटची, ही पद्धत पीएक्सई या नावाने ओळखली जाते. इंटेलने तिची २.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध केली, त्यामुळे बऱ्याच जुन्या यंत्रांतही ती सापडते. यंत्र सुरू होतानाच्या बायोस सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क स्टॅक किंवा लॅन बूट हा पर्याय चालू करावा. वायफायवर विसंबू नये, केबलच हवी.

सर्व्हरवर लिनक्स टाकून त्याला १९२.१६८.१.१० यासारखा कायमचा आयपी पत्ता द्यावा आणि डीएनएसमास्क (नेटवर्कवर पत्ते वाटणारा व बूट फाइली देणारा प्रोग्रॅम), एक वेब सर्व्हर व सांबा (विंडोज यंत्रांना फोल्डर वाटून देणारा प्रोग्रॅम) बसवावे. येथे माझ्या हातून झालेली चूक सांगितलेली बरी. डीएनएसमास्कमधून मी पत्तेही वाटू लागलो, आणि राउटरही ते वाटतच होता. अर्ध्या तासात शेजारच्या खोलीतून प्रिंटर बंद पडल्याची तक्रार आली. एका नेटवर्कवर पत्ते वाटणारा एकच असावा. म्हणून डीएनएसमास्कला प्रॉक्सी पद्धतीने चालवावे, म्हणजे पत्ता राउटर देतो आणि बूट फाइल कोठे आहे एवढेच आपला सर्व्हर सांगतो. फायरवॉलमध्ये यूडीपीचे ६७, ६९ व ४०११ आणि टीसीपीचा ८० हे पोर्ट, म्हणजे माहितीच्या ये-जा करण्याची क्रमांकित दारे, उघडावेत. सांबासाठी ४४५ लागतो.

यानंतर आयपीएक्सई हा छोटा बूट प्रोग्रॅम टीएफटीपीच्या (बूट होताना फाइल पाठवण्याची साधी पद्धत) फोल्डरमध्ये ठेवावा. जुन्या बायोसच्या यंत्रांना त्याची केपीएक्सई फाइल लागते आणि यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी व्यवस्था) असलेल्या यंत्रांना ईएफआय फाइल. यंत्र आपला प्रकार डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ता मागण्याच्या संदेशातील, ९३ क्रमांकाच्या पर्यायात कळवते (बायोससाठी ०, ६४ बिटी यूईएफआयसाठी ७), त्यावरून डीएनएसमास्कने निवड करावी. दुसरा सापळा असा की आयपीएक्सई सुरू झाल्यावर पुन्हा विचारणा करतो, सर्व्हर त्याला पुन्हा आयपीएक्सईच देतो आणि यंत्र गोल गोल फिरत राहते. तो स्वतःची ओळख १७५ क्रमांकाच्या पर्यायाने देतो. ती दिसताच त्याला बूट फाइलऐवजी मेनूच्या स्क्रिप्टचा वेब पत्ता द्यावा. डिजिटल सही नसलेली आयपीएक्सई फाइल सिक्युअर बूट (सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) चालू असताना उघडत नाही, तेव्हा इन्स्टॉलेशनपुरता तो बंद करावा.

येथून पुढे टीएफटीपी सोडून एचटीटीपी, म्हणजे वेब सर्व्हरची पद्धत, वापरावे. टीएफटीपी मुळात ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवून त्याची पोच येईपर्यंत थांबतो. ५०० एमबीच्या फाइलला असे दहा लाखांहून अधिक तुकडे होतात.

स्क्रिप्टमध्ये प्रत्येक प्रणालीसाठी मेनूची एक ओळ आणि एक खूण (तिच्या आज्ञा जेथून सुरू होतात ती जागा) असते. मेनूतली नावे रोमन लिपीतच लिहावी लागतात, कारण त्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही. पहिला आणि आपोआप निवडला जाणारा पर्याय स्थानिक डिस्कवरून बूट करण्याचाच असावा, नाहीतर कोणी नुसते यंत्र चालू केले तरी इन्स्टॉलर समोर उभा राहील. वाट पाहण्याची वेळ मिलिसेकंदांत असते. मी दहा सेकंद समजून १० लिहिले आणि मेनू डोळ्यांपुढे येण्याआधीच निघून गेला. तेथे १०००० हवे होते.

डेबियनचे नेटबूट कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) लहान असल्याने तेथे फारशी अडचण येत नाही. उबुंटू सर्व्हरला कर्नलच्या ओळीत आयएसओचा (इन्स्टॉलेशन डिस्कची एकसंध फाइल) वेब पत्ता द्यावा लागतो आणि तो आयएसओ पूर्णच्या पूर्ण रॅममध्ये उतरतो, त्यामुळे कमी रॅमची यंत्रे अर्ध्यात अडकतात. विंडोजसाठी विमबूट (विंडोजचा इन्स्टॉलर नेटवर्कवरून सुरू करणारा प्रोग्रॅम) वापरून बूट डॉट विम, बीसीडी आणि बूट डॉट एसडीआय या इन्स्टॉलरच्या फाइली पाठवाव्यात. पडदा आला की शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड खिडकी उघडावी, विंडोजच्या फाइली ठेवलेला सांबावरील फोल्डर जोडावा आणि तेथून सेटअप चालवावा. फोल्डर जोडलाच गेला नाही, तर बहुधा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बूट डॉट विममध्ये नसतो. तो आधीच मिसळून ठेवावा.

चाचणी एका बायोस आणि एका यूईएफआय यंत्रावर करावी. नागपुरातल्या बर्डी बाजारातून घाईत आणलेला स्विच (यंत्रांच्या केबली एकत्र जोडणारी पेटी) १०० एमबीपीएसचा निघाला, तर वीस यंत्रांना ५०० एमबीची एक फाइल एकदम देण्यातच चौदा-पंधरा मिनिटे जातात, आणि विंडोजच्या मुख्य फाइली तर त्यानंतर येतात. आम्ही गिगाबिट स्विच लावला आणि तरीही पाच-पाच यंत्रांच्या तुकड्या केल्या.