रिटर्न स्वतः भरा, सरकारी साईटवर फुकटात होतं (सांगलीकर पेन्शनर आणि शेतीवाल्यांसाठी)

आधी एक क्लिअर करू, इन्कमटॅक्सच्या सरकारी साईटवर रिटर्न भरायला एक रुपया लागत नाही. तरी आपल्याकडं जुलै आला की विश्रामबागपासून मिरजेपर्यंत लोकं पैसे देऊन भरून घेतात. ज्याचा धंदा मोठा आहे, ऑडिट आहे त्यानं सीएकडंच जावं, त्यात वाद नाही. पण नुसती पेन्शन आणि एफडीचं व्याज असलेल्या रिटायर्ड गुरुजींनी पण आयडी पासवर्ड दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळं व्हायचं, हे काय पटत नाही.

साईट आहे इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन. पत्ता स्वतः टाईप करा, रिफंडचा मेसेज आला म्हणून त्यातली लिंक दाबत बसू नका. युजर आयडी म्हणजे तुमचा पॅन, पासवर्ड माहीत नसला तर आधार ओटीपीवर नवीन करता येतो. आत गेल्यावर फॉर्मकडं पळू नका, आधी माय प्रोफाइल उघडा आणि तिथं मोबाईल नंबर न् ईमेल कुणाचा आहे ते बघा. भरून देणाऱ्याचाच नंबर टाकलेला असला तर नोटीस आली तरी तुम्हाला पत्ता लागत नाही, मेसेज त्याला जातो आणि तो दुसऱ्या शंभर जणांच्या गडबडीत असतो. नंबर बदला, पासवर्ड बदला. रिटर्न उद्या भरला तरी चालेल पण हे आजच करा.

मग एआयएस, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या कमाईची डिपार्टमेंटकडं जमा झालेली यादी. २०२१ च्या नोव्हेंबरपासून ही सोय आहे. "साईटवर सगळं टाकलं की सरकारला कळंल" असं म्हणणाऱ्यानं तर हे एकदा उघडून बघावंच, कारण पेन्शन किती, कुठल्या बँकेनं व्याज किती दिलं, डिव्हिडंड किती, शेअर कधी विकले, बरंचसं तिथं आधीच येऊन बसलेलं असतं. सोबत सव्वीस एएस पण काढा, टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला टॅक्स, किती आहे ते त्यात दिसतं. आता दोन्ही पासबुकाला लावून बघा. एखादी एन्ट्री तुमची नसंल तर तिथंच फीडबॅकचं बटण आहे, "ही माहिती बरोबर नाही" म्हणून टाकता येतं.

पण एआयएसवर डोळे झाकून पण विश्वास नको. आपल्या भागात पतसंस्थेत ठेवी नाहीत असं घर सापडणं अवघड, आणि पतसंस्थेचं व्याज बऱ्याचदा तिथं दिसतच नाही. दिसत नाही म्हणजे टॅक्स नाही असं नसतं, पतसंस्थेकडनं व्याजाचा दाखला घ्या आणि ती रक्कम स्वतः वाढवा.

आता फॉर्म कुठला, इथं आपली लोकं जास्त फसतात. पगार किंवा पेन्शन, घर, व्याज आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर आयटीआर एक, म्हणजे सहज. पण सहजमध्ये शेतीचं उत्पन्न फक्त ५,००० रुपयांपर्यंतच चालतं. तासगावात द्राक्षबाग आहे, बेदाणा केलाय, नाहीतर हळद यार्डात घातलीय, तर खर्च वजा जाऊन ५,००० च्या वर जाणारच की. अशा पेन्शनरनं आयटीआर दोन घ्यायचा. "शेतीला टॅक्स नाही, मग दाखवायचं कशाला" हे कायम ऐकायला मिळतं. शेतीला टॅक्स नाही हे खरं, पण बाकीचं उत्पन्न बेसिक लिमिटच्या (जिथपर्यंत टॅक्स लागत नाही त्या रकमेच्या) वर असलं तर टॅक्सचा दर काढताना शेतीची रक्कम धरतात. आणि निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर जिल्हा, पिनकोड, क्षेत्र किती, जमीन स्वतःची का खंडानं, जिरायत का बागायत, एवढं सगळं विचारतात, तेव्हा सातबारा जवळ घेऊनच बसा.

पुढं सोपं आहे. ई-फाइलमध्ये जाऊन फाइल इन्कम टॅक्स रिटर्न, असेसमेंट इयर निवडा (२०२५-२६ ची कमाई असेल तर २०२६-२७), ऑनलाइन मोड घ्या. बरीच माहिती आधीच भरून येते, एकेक भाग उघडायचा, वाचायचा, कन्फर्म करायचा. नवीन टॅक्स पद्धत आपोआप लागलेली असते, जुनी हवी तर तसं सांगावं लागतं. ज्येष्ठांना व्याजावरची ५०,००० पर्यंतची ८०टीटीबीची सूट जुन्या पद्धतीतच मिळते, पण म्हणून जुनीच फायद्याची असं नाही, २०२५-२६ साठी नवीन पद्धतीत नेहमीच्या उत्पन्नावर १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य होतो. साईटवर कॅल्क्युलेटर आहे, दोन्ही करून बघा. आणि टॅक्स शून्य म्हणजे रिटर्न नको असं नाही, नवीन पद्धतीत ४ लाखांच्या वर उत्पन्न गेलं की भरायचा.

"रिफंड जास्त काढून देतो, त्यातला टक्का द्या" असं म्हणणाऱ्यापासून मात्र लांब राहा. खोट्या देणग्या, खोटं घरभाडं टाकून काढलेल्या रिफंडवरनं १४ जुलै २०२५ ला डिपार्टमेंटनं देशभर १५० ठिकाणी कारवाई केली होती. नोटीस तुमच्या पॅनवर येते, त्याच्या नाही.

साईट बंद पडते ही तक्रार खोटी नाही. ७ जून २०२१ ला नवीन पोर्टल आलं तेव्हा एवढा गोंधळ झाला की अर्थमंत्र्यांनी ते बनवणाऱ्या इन्फोसिसच्या सीईओंना बोलावून घेतलं. आता पुष्कळ सुधारलंय, तरी शेवटच्या आठवड्यात लटकतं, म्हणून ३१ जुलैची वाट बघू नका. २०२५ साली तारीख वाढली आणि शेवटी परत १६ सप्टेंबरपर्यंत एक दिवस वाढवावी लागली, पण दरवर्षी वाढंल ह्या भरवशावर राहिलं तर ५,००० पर्यंत लेट फी बसते (उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००). तिकडं अमेरिकेत त्यांच्या टॅक्स खात्यानं, आयआरएसनं, डायरेक्ट फाइल नावाची अशीच फुकट सोय २०२४ ला १२ राज्यांत काढली, पुढच्या वर्षी २५ राज्यांत नेली आणि २०२६ साठी बंदच केली. आपल्याकडं आहे तर वापरा की.

सबमिट झालं की काम संपलं असं समजू नका. ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करायचं, म्हणजे रिटर्न आपणच भरलाय हे पक्कं करायचं, आधार ओटीपी आला की दोन मिनिटांचं काम, नाही केलं तर रिटर्न धरतच नाहीत. आधारला मोबाईल लिंक नसेल तर नेटबँकिंगनं होतं, नाहीतर पावती सही करून स्पीड पोस्टनं बेंगळुरूच्या सीपीसीला (डिपार्टमेंटचं रिटर्न बघणारं केंद्र). रिफंड असेल तर बँक खातं प्री-व्हॅलिडेट (साईटवर तपासून पक्कं केलेलं) आहे का ते बघा, आणि पॅनवरचं न् पासबुकातलं नाव जुळतंय ना ते पण, कारण एका आडनावाच्या स्पेलिंगपायी रिफंड अडकतो. पावतीची पीडीएफ मोबाईलवर ठेवा, पुढं पोराच्या एज्युकेशन लोनला बँक रिटर्न मागते तेव्हा लागतेच.